विंचवाचें विष आणि एक स्वस्त गोळी

मराठी माणसाला विंचवाची ओळख अगदीं लहानपणापासून असते. सदा फिरतीवर असलेल्या गृहस्थाचें बिऱ्हाड विंचवासारखें पाठीवर असतें असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पैठणच्या एकनाथांनीं तर भारुडांत कामक्रोधाला विंचवाचें रूप दिलें आणि त्यावरचा उतारा सात्त्विक वृत्तींत सांगितला. परंतु या दाट परिचयामुळेंच एक मोठा गैरसमज पिढ्यान् पिढ्या चालत आला. साप चावला तर प्राणाचें भय, विंचू चावला तर केवळ वेदनेचें. रात्रभर कळ सोसावी, सकाळीं उतार पडेल, अशी सर्वसाधारण समजूत होती. शहरांतील सुशिक्षित घरांतून ती होतीच. परंतु वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतूनहि विंचूदंशाला चार ओळींपलीकडे जागा क्वचित् मिळत असे.

कोंकणांतल्या आयाबायांना मात्र ही समजूत कधींच पटली नव्हती. संध्याकाळीं अंगणांत खेळणारें सातआठ वर्षांचें मूल किंचाळून हात झटकतें, घटकाभरांत त्याला उलट्या होतात, अंग घामानें निथळतें, हातपाय बर्फासारखे पडतात, आणि पहांटेच्या सुमारास तोंडाला गुलाबी फेस येऊन तें मूल जातें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. त्या मृत्यूचें कारण काय, आणि तो टाळतां येईल काय, या दोन प्रश्नांचीं उत्तरें गेल्या पन्नास वर्षांच्या आंत मिळालीं. तीं कोणा महानगरांतील प्रयोगशाळेंत मिळालीं नाहींत. मराठवाड्यांतील एका खेड्यांत जन्मलेल्या आणि कोंकणांतील एका तालुक्याच्या गांवीं राहिलेल्या वैद्यानें तीं रुग्णांच्या उशाशीं बसून शोधलीं. आजच्या भाषणाचा विषय ही हकीकत आहे.

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत भोकरदन तालुका आहे. त्या तालुक्यांतील देहेड या गांवीं १९५१ सालीं हिम्मतराव साळुबा बावस्कर यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबांत झाला. त्या वेळीं हा मुलूख हैदराबाद संस्थानाचा वारसा सांगणाऱ्या हैदराबाद राज्यांत होता, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा पुढें १९८१ सालीं झाला. कोरडवाहू शेतीच्या त्या प्रदेशांतून, हातीं पडेल तें काम करीत शिकत शिकत, ते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोंचले व तेथें वैद्यकाची पदवी घेऊन १९७६ सालीं सरकारी नोकरींत शिरले. नेमणूक झाली ती तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत, महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत.

तेथें त्यांच्यापुढें येणाऱ्या रुग्णांत विंचू चावलेलीं माणसें पुष्कळ असत. सह्याद्रीच्या पायथ्याची ती तांबडी जांभ्याची जमीन, दगडांच्या रचलेल्या भिंती, कौलारू घरें, भाताचा पेंढा, जळणाचे ढीग, हीं सर्व विंचवाच्या वस्तीचीं स्थानें. या ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. आपल्या देशांत विंचवांच्या जाती अनेक असल्या, तरी सर्वांचें विष सारखें नसतें. जी काळीभोर, लांबलचक, खेकड्यासारख्या नांग्यांची इंगळी पाहून माणूस दचकतो, तिच्या दंशानें वेदना होते खरी, पण जिवाला धोका सहसा नसतो. खरा घातक तो आकारानें लहान, तांबूस रंगाचा, बारीक नांग्यांचा आणि जाड शेपटीचा लाल विंचू. शास्त्रीय ग्रंथांत तो मेसोब्युथस टॅम्युलस या नांवानें प्रसिद्ध आहे. अलीकडे त्याला होटेंटोटा टॅम्युलस असेंहि म्हणतात. ज्याचें रूप भयंकर तो सौम्य आणि ज्याचें रूप क्षुद्र तो प्राणघातक, असा हा सृष्टीचा उलटा न्याय आहे.

विंचूदंशानंतर फुफ्फुसांत पाणी होऊन माणसें दगावतात, ही गोष्ट अगदींच अज्ञात होती असें नव्हे. १९६१ सालीं पी. एम. मुंडले यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें तिची नोंद केली होती. आणि इस्रायलमधील बीरशेबा येथें मोशे गुएरॉन यांनीं विंचूदंशाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला होता. तथापि या ज्ञानाचा खेड्यांतल्या रुग्णाला कांहीं उपयोग होत नव्हता. कारण कोणता रुग्ण वांचेल व कोणता दगावेल हें आधीं ओळखावें कसें, आणि ओळखल्यावर करावें काय, हें कोणीच निश्चित सांगूं शकत नव्हता.

बावस्करांनीं पहिलें काम हातीं घेतलें तें निरीक्षणाचें. मोठ्या रुग्णालयाची सामग्री जवळ नव्हती. पण नाडी मोजावयाला घड्याळ लागतें, रक्तदाब पाहावयाला एक साधें यंत्र लागतें, आणि बाकी सर्व काम डोळे, कान व हात करतात. दंश केव्हां झाला, उलटी केव्हां सुरू झाली, घाम केव्हां फुटला, हातपाय केव्हां गार पडले, दाब केव्हां चढला आणि केव्हां उतरला, यांच्या नोंदी रुग्णाशेजारीं बसून त्यांनीं केल्या. या नोंदींतून एक ठराविक क्रम दिसूं लागला. ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा रुग्णांत प्रथम उलट्या होतात, सर्वांगाला विलक्षण घाम सुटतो, तोंडाला लाळ सुटते, पुरुषांत व मुलग्यांत जननेंद्रियाचें अनैच्छिक उत्थान होतें, हातपाय थंड पडतात. मग रक्तदाब एकदम चढतो, नाडी जलद होते, आणि कांहीं तासांनीं छाती भरून येऊन श्वास कोंडूं लागतो. हीं पूर्वसूचक लक्षणें त्यांनीं १९८२ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलीं.

या निरीक्षणांतली एक गोष्ट सामान्य समजुतीच्या अगदीं विरुद्ध आहे. विंचू चावलेला माणूस जितका जास्त ओरडेल तितका धोका अधिक, असें कोणालाहि वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. दंशाच्या जागीं असह्य कळ आहे, पण घाम नाहीं, उलटी नाहीं, हातपाय उबदार आहेत, असा रुग्ण बहुधा निर्धास्त असतो. जो मुलगा फारसा ओरडत नाहीं, परंतु ज्याचें कपाळ घामानें भिजलें आहे व ज्याचीं पावलें गार आहेत, त्याच्याकडे वैद्यानें प्रथम धांवलें पाहिजे.

आतां शरीरांत नेमकें घडतें काय, तें पाहूं. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणांत सोडियमच्या कणांना आंत घेणारीं सूक्ष्म द्वारें असतात. तीं क्षणभर उघडतात आणि मिटतात. या उघडझापीवर सर्व संदेशवहन अवलंबून असतें. विंचवाचें विष हीं द्वारें मिटूं देत नाहीं. परिणाम असा होतो, कीं मज्जातंतु थांबावयाचे तेथें थांबत नाहींत आणि अ‍ॅड्रिनॅलिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या द्रव्यांचा रक्तांत पूर लोटतो. संकटाच्या वेळीं हींच द्रव्यें थेंबाथेंबानें येऊन माणसाला लढण्याचें वा पळण्याचें बळ देतात. परंतु तीं पुरासारखीं आलीं म्हणजे सर्व शरीरांतील लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते यामुळें. हृदयाला या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावें लागतें; दार आंतून कोणी दाबून धरावें आणि बाहेरच्यानें तें जीव तोडून ढकलावें, तशी त्याची स्थिति होते. त्यांतच त्या द्रव्यांच्या माऱ्यानें हृदयाचा स्नायु स्वतःहि दुबळा होतो. शेवटीं तें थकतें, मागचें रक्त फुफ्फुसांत तुंबतें, त्यांतील पाणी श्वासकोशांत झिरपतें, आणि रुग्ण कोरड्या जमिनीवर बुडून मरतो.

एकदां हें चित्र स्पष्ट झालें म्हणजे जुने उपचार कां फसत होते तें सहज समजतें. त्या काळीं अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन देत. त्यानें लाळ आणि घाम थांबे, पण आधींच धांवणारें हृदय अधिक धांवूं लागे. कोणी मॉर्फीन देई, कोणी गुंगीच्या औषधांचें मिश्रण देई, कोणी स्टेरॉइड देई. त्यांपैकीं एकहि औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करीत नसे. नाडी जलद आहे म्हणून ती मंदावणारीं बीटारोधक औषधें द्यावीं, तर थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोरहि जाई आणि रक्तवाहिन्यांवरील नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा अंमल मोकळा राही. वैद्यांची निष्ठा कमी नव्हती. शत्रु कोठें दडला आहे हें ठाऊक नसल्यामुळें बाण भलत्याच दिशेला जात होते.

मध्यंतरीं बावस्कर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षणासाठीं गेले. त्या सुमारास हृदयविकाराच्या चिकित्सेंत एक नवा विचार जगभर मान्यता पावत होता. दुबळ्या हृदयाला चाबूक मारून पळविण्यापेक्षां त्याच्यावरचें ओझें उतरवावें, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारीं औषधें द्यावींत, असा तो विचार होता. कोंकणांत पाहिलेल्या रुग्णांशीं हा विचार तंतोतंत जुळत होता. शिक्षण संपल्यावर शहरांतील व्यवसायाचा मार्ग खुला असतांहि ते महाडला परतले, आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या सहकार्यानें त्यांनीं हा विचार प्रत्यक्षांत आणिला.

प्रथम त्यांनीं सोडियम नायट्रोप्रुसाइड या औषधाचा उपयोग केला. फुफ्फुसांत पाणी झालेल्या रुग्णाला तें शिरेंतून थेंब थेंब दिलें असतां श्वास मोकळा होतो, हें दिसून आलें. परंतु या औषधाची अडचण मोठी. तें प्रकाशापासून झांकून ठेवावें लागतें, आणि तें चालू असतांना रक्तदाब क्षणोक्षणीं पाहत बसावें लागतें. जरा हात चुकला तर दाब धोकादायक खालीं येतो. तालुक्याच्या गांवीं हें कसेंबसें साधेल, पण डोंगरांतल्या आरोग्यकेंद्रांत तें कोणी करावें? तेव्हां दुसऱ्या औषधाचा शोध आवश्यक झाला. तें सांपडलें प्राझोसिन या नांवाच्या गोळींत. ही गोळी १९७० नंतरच्या दशकांत रक्तदाबावर वापरांत आली होती. औषधाच्या दुकानांत ती मिळे, आणि तिची किंमतहि थोडी असे. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन रक्तवाहिन्यांच्या ज्या ग्राहकस्थानांवर बसून त्यांना आवळतें, नेमकीं तींच आल्फा नांवाचीं स्थानें ही गोळी अडवून धरते. म्हणजे विषानें ज्या वाटेनें घाला घातला, त्याच वाटेवर ही गोळी चौकी बसविते.

१९८६ सालीं प्राझोसिनच्या या उपयोगाची माहिती ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाली. परिणाम काय झाला, हें आंकडेच सांगतील. १९६१ ते १९८३ या काळांत, म्हणजे प्राझोसिन येण्यापूर्वीं, पश्चिम भारतांतील अशा रुग्णांपैकीं शेंकडा २५ ते ३० रुग्ण फुफ्फुसांत पाणी होऊन दगावत असल्याच्या नोंदी आहेत. १९८४ पासून या गोळीचा वापर सुरू झाल्यावर हें प्रमाण शेंकडा १ पर्यंत खालीं आलें. दर चार मुलांमागें एक मूल जात होतें. आतां शंभरांतून नव्याण्णव घरीं परततात. वैद्यकाच्या इतिहासांत इतक्या अल्प खर्चांत इतका मोठा फरक पडल्याचीं उदाहरणें फार नाहींत.

व्यवसाय करणाऱ्या वैद्यांच्या उपयोगासाठीं या चिकित्सेचें सूत्र थोडक्यांत असें. पूर्वसूचक लक्षणें दिसतांच, फुफ्फुसांत पाणी होण्याची वाट न पाहतां, प्राझोसिन तोंडानें द्यावें. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागें ३० मायक्रोग्रॅम ही मात्रा, आणि हातपाय उबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनीं पुन्हां. घाम व उलट्या यांनीं शरीरांतील पाणी पुष्कळ गेलेलें असतें. तें भरून काढावें. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकीं उतरण्याचा संभव असतो, म्हणून रुग्णाला निजवून ठेवावें. आईनें मुलाला उचलून खांद्यावर घेऊं नये, हें तिला आधींच समजावून सांगावें. रक्तदाब मुळांतच खालीं गेला असेल आणि फुफ्फुसांतहि पाणी असेल, तर प्रसंग अधिक कठीण. तेथें हृदयाला बळ देणारें डोब्युटामिन शिरेंतून द्यावें लागतें व रुग्णाला मोठ्या रुग्णालयांत हलवावें लागतें. हातपाय उबदार होणें, घाम थांबणें, आणि दंशाच्या जागची नाहींशी झालेली कळ परत येणें, हीं सुधारणेचीं चिन्हें समजावींत. एरवीं जी वेदना शाप वाटते, ती या रोगांत शुभशकुन ठरते.

येथवर प्राझोसिनची कथा झाली. परंतु प्राझोसिन हें विषाचा परिणाम थोपवितें. विष नाहींसें करीत नाहीं. सर्पदंशावर जशी घोड्याच्या रक्तापासून केलेली लस असते, तशी प्रतिविषाची लस विंचवावर चालेल काय, हा प्रश्न वैद्यांत पुष्कळ वर्षें वादाचा होता. १९९९ सालीं ट्युनिशियांत ८२५ रुग्णांवर प्रयोग होऊन, प्रत्येकाला सरसकट लस देण्यांत कांहीं लाभ नाहीं असा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्यें निघाला. २००९ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांतांत गंभीर झालेल्या १५ मुलांवर दुसरा प्रयोग झाला. त्यांत लस मिळालेलीं आठहि मुलें चार तासांत लक्षणमुक्त झालीं, आणि न मिळालेल्या सातांपैकीं एकच. दोन्ही प्रयोग प्रामाणिक, पण निष्कर्ष परस्परविरुद्ध. याचें मर्म असें, कीं ट्युनिशियांतील विंचू वेगळा, अ‍ॅरिझोनांतील वेगळा. शिवाय एके ठिकाणीं सौम्य व गंभीर असे सर्वच रुग्ण घेतले होते, तर दुसरीकडे केवळ गंभीर. परदेशचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून आपल्या गांवीं लावतां येत नाहीं.

म्हणून आपल्या लाल विंचवाविषयीं आपल्याच भूमींत प्रयोग होणें अवश्य होतें, आणि तो बावस्कर दांपत्यानें महाडलाच केला. ७० रुग्ण घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीनें त्यांचे ३५-३५ चे दोन गट करण्यांत आले. एका गटाला केवळ प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष अशीं दोन्हीं औषधें दिलीं. दहा तासांच्या आंत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटांत ८ निघाले, तर दुसऱ्या गटांत ३२. हा अहवाल २०११ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलनें प्रसिद्ध केला. ज्या नियतकालिकानें पन्नास वर्षांपूर्वीं विंचूदंशानें होणाऱ्या मृत्यूची नोंद छापली होती, त्याच नियतकालिकांत त्या मृत्यूवरील उत्तरहि छापलें गेलें. यावरून प्राझोसिन निरुपयोगी ठरलें असें कोणी समजूं नये. जेथें लस आहे तेथें दोन्हीं द्यावींत. जेथें ती नाहीं, तेथें ती गोळीच अजूनहि प्राणरक्षक आहे.

गृहस्थाश्रमी श्रोत्यांनीं या सर्वांतून काय घ्यावें? विंचू हा रात्रींचा प्राणी आहे. दिवसां तो फटींत, दगडांखालीं, गोवऱ्यांच्या व लांकडांच्या ढिगांत दडून असतो. म्हणून वहाणा आणि बूट झटकूनच पायांत घालावेत, अंथरूण झाडून घालावें, खुंटीवरचे कपडे झटकावेत, पेंढ्यांत वा अडगळींत उघडा हात घालूं नये. दंश झालाच तर दोरी आवळून बांधणें, जागा कापणें, जाळणें, यांतून अपायाखेरीज कांहीं निष्पन्न होत नाहीं. मांत्रिकाला यश मिळतें तें कां, हेंहि समजून घ्यावें. पुष्कळ दंश मुळांतच सौम्य असतात. ते मंत्रानें उतरतात आणि मंत्रावांचूनहि उतरतात. जो दंश खरा विषारी असतो, त्यांत मांत्रिकाच्या अंगणांत गेलेला प्रत्येक तास हृदयाच्या हिशेबांतून वजा होत असतो. मूल असेल, उलटी असेल, घाम असेल, हातपाय गार असतील, तर वाहन मिळेल त्या वाहनानें वैद्याकडे जावें.

उरलेली अडचण आतां ज्ञानाची नाहीं, अंतराची आहे. औषध ठाऊक आहे, मात्रा ठाऊक आहे, किंमत थोडी आहे. तरी ज्या वाडीपासून दवाखाना दूर आहे, ज्या दवाखान्यांत रात्रीं कोणी नाहीं, किंवा असलेल्या तरुण डॉक्टरानें हीं लक्षणें कधीं पाहिलेलीं नाहींत, तेथें जुनी कथा पुन्हां घडूं शकते. विद्या ग्रंथांत राहिली तर ती रोग्याच्या उपयोगाची नाहीं. शेवटच्या गांवांतील शेवटच्या कपाटांत ती गोळी असली पाहिजे, आणि ती केव्हां द्यावी हें जाणणारा मनुष्य त्या कपाटाजवळ असला पाहिजे.

२०२२ सालीं भारत सरकारनें डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरविलें. तो मान योग्यच होय. परंतु या हकीकतींतील अधिक मोलाची गोष्ट निराळी आहे. नवें संशोधन म्हणजे मोठी इमारत, महागडीं यंत्रें आणि परदेशचें द्रव्य, असें मानण्याकडे आपल्या सुशिक्षित समाजाचा कल असतो. देहेडच्या शेतकऱ्याच्या मुलानें बिरवाडीच्या दवाखान्यांत घड्याळ आणि रक्तदाबाचें यंत्र घेऊन जें केलें, त्यावरून असें दिसतें कीं संशोधनाला प्रथम लागतो तो एक प्रश्न: हें मूल कां मेलें? तो प्रश्न मनांत घेऊन जो वैद्य दुसऱ्या मुलाच्या उशाशीं रात्रभर जागतो, त्याला उत्तर कधीं ना कधीं सांपडतें. आणि तिसरें मूल सकाळीं उठून आईकडे भाकर मागतें.